बिनपडद्याचा सर्व्हर

माझे सासरे एकाएकी सभ्य झाले आणि आमच्या घराची घडीच विसकटली.

तोवर हा माणूस म्हणजे चालतीबोलती तक्रारवही होता. कागद कारखान्यात मीटर आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून बुऱ्हाणपुरात राहायला आले, आणि दुरुस्तीला कारखाना उरला नाही म्हणून त्यांनी आम्हालाच हातात घेतलं. पंख्याचा आवाज, नळाची गळती, वर्तमानपत्रातल्या चुका, माझ्या यजमानांचं स्कूटर चालवणं, काही म्हणता काही सुटायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात स्क्रू कसा आवळायचा यावरून त्यांनी मला झाडलं होतं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, ऐकून घ्यायची मला सवय नाही. मीही दोन शब्द सुनावले. तेव्हापासून आमचं छान जमलं.

मग त्यांची नजर गेली. सगळी नाही गेली, पण मधोमध काळा डाग आला. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की कडेकडेचं दिसत राहील, अक्षर मात्र आता लागायचं नाही. ज्या माणसाने वाचनालयातली मराठी पुस्तकं दोन-दोनदा वाचून काढली होती, त्याला हे सांगणं सोपं नव्हतं. आम्हाला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी घेतलं नाही. उलट 'चालेल' म्हणायला लागले. भाजी खारट झाली तरी चालेल. चहा गार झाला तरी चालेल. 'तुला वेळ असेल तर', 'काही घाई नाही', 'तू म्हणशील तसं'. सासूबाई एकदा मला म्हणाल्या की हा मनुष्य माझ्या ओळखीचा नाही, आणि मला हसू आलं नाही.

वाचायची सोय आम्ही केली होती. पुस्तकं मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करायची. मी वाचायची, माझे यजमान शाहपूरला केळीच्या कामावर जातात तिथे जेवणाच्या सुट्टीत वाचायचे, आणि देडतलाईची नणंद तिच्या घरून वाचून पाठवायची. नणंदेच्या वाचनात मधूनमधून म्हैस ओरडायची, यजमानांच्या वाचनात ट्रकचा हॉर्न. सासरे सगळ्यांना एकच शेरा द्यायचे, छान वाचलं.

अडचण लावून देण्याची होती. टच फोन म्हणजे गुळगुळीत काच, बोटाला काही लागत नाही. एकदा त्यांनी स्वतः प्रयत्न केला, तर पुस्तकाऐवजी त्यांच्या जुन्या फोरमनला फोन लागला, आणि दोघांनी नाइलाजाने अर्धा तास एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्यानंतर त्यांनी फोनला हात लावणं सोडलं. मी शाळेत जाताना एक प्रकरण लावून जायची, आल्यावर पुढचं. सासूबाईंना फोन उचलण्यापलीकडे त्यातलं काही येत नाही, आणि शिकायचंही नाही.

एके दिवशी मी साडेतीनला घरी आले. सासरे दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर फोन, फोन गप्प. कधी संपलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "आत्ताच." आतून सासूबाई म्हणाल्या, "दहाले संपलं, सकाळच्या दहाले."

मला इतका राग आला की मी चपला काढायच्या विसरले. त्यांच्यावर आला, स्वतःवर आला, त्या काचेवर आला. साडेपाच तास हा माणूस गोष्टीच्या मध्यात अडकून बसला होता, आणि वर म्हणत होता, आत्ताच. मी ठरवलं की यांना त्यांचं पुस्तक त्यांचं त्यांना लावता आलंच पाहिजे. कुणाला न विचारता, कुणाची वाट न बघता. बस.

करायचं काय होतं ते तसं साधं आहे. घरात एक सर्व्हर ठेवायचा, म्हणजे कायम चालू राहणारा कॉम्प्युटर. ज्याने त्याने आपापल्या फोनवरून वाचलेलं त्यात पाठवायचं. त्याला लावायचा एक स्पीकर आणि दुकानदार हिशोबाला वापरतात तसा नुसत्या आकड्यांचा छोटा कीपॅड. त्या कीपॅडच्या पाचावर बारीकसा उंचवटा असतो. बोटाला पाच सापडला की बाकीचे सापडतात. पाच दाबलं की चालू नाहीतर बंद, सहा म्हणजे पुढचं प्रकरण, चार एकदा दाबलं तर तेच प्रकरण पहिल्यापासून, दोनदा दाबलं तर मागचं, दोन आणि आठ पुस्तक बदलायला. आणि या सगळ्याला पडदा लागतच नाही. म्हणूनच मला ती कल्पना इतकी आवडली होती.

सर्व्हर मिळाला भंगारात. आमच्याकडे पॉवरलूमचं भंगार घेणारे पुष्कळ आहेत, त्यातल्या एका चाचांकडे कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातलं हे धूड येऊन पडलं होतं. मी त्याचं झाकण उघडून आत बघायला लागले तर चाचा म्हणाले, "मॅडम, इसमें अब कुछ नहीं बचा." खरं तर बरंच काही उरलं होतं. मेमरी तुटपुंजी, डिस्क जुनी, मागच्या बाजूच्या खाचा बहुतेक मोडलेल्या, एकच धड. पुढे पेन ड्राइव्ह लावायला एक. पण स्पीकरची पिन बसायची जागा शाबूत होती आणि पंखा फिरत होता. मी तो स्कूटरवर पुढे पायाशी ठेवून आणला. सासूबाईंनी दारातच विचारलं, "काय वो, घरात भंगार कमी होतं का?"

सासऱ्यांनी मात्र त्याच्यावरून हात फिरवला. झाकणाच्या कडा, पंख्याची जाळी, मागच्या मोडलेल्या खाचा. बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, "छान आहे." मी वाट बघितली की आता कायतरी खोट काढतील. काढली नाही.

अशा म्हाताऱ्या यंत्रावर नेहमीची जड सिस्टीम टाकणं म्हणजे छळ. आमच्या शाळेत तेच चालतं. मुलं बटण दाबतात, प्रार्थनेला जाऊन येतात, तरी पडद्यावर गोल फिरतच असतं. म्हणून मी हलकं लिनक्स निवडलं. मूर्ती लहान पण कीर्ती महान. जुन्यातल्या जुन्या पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल एवढीशी चीज. ना चित्रं, ना स्वागताचं संगीत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, मोजके प्रश्न, मोजकी उत्तरं. मोजकं बोलणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, मला स्वतःला ते जमत नसलं तरी.

नवरात्राची सुट्टी लागली होती. टाकण्यापुरता तरी पडदा लागणार होता, तो मी मोठ्या बाईंची परवानगी घेऊन शाळेतून आणला. नवमीला सकाळी आंघोळ करून बसले. पहिले प्रश्न सुटले, डिस्क पुसायची का म्हणून यंत्राने विचारलं, मी हो म्हटलं, आणि फायली भराभर उतरायला लागल्या. तेवढ्यात सासरे भिंतीच्या आधाराने आले.

"बेटा, आज खंडेनवमी आहे. चालेल तर बंद करून दे. आज मशीनला आराम."

हे मी विसरलेच होते. कारखान्यात असताना खंडेनवमीची यंत्रपूजा यांच्याच हातची. घरातही तो नेम चालत आलेला. पाने, पक्कड, शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याची मोटर, स्कूटर, सगळ्यांची पूजा व्हायची आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत एकाही यंत्राला कामाला लावायचं नाही. त्या दिवशी आमच्याकडे चटणीसुद्धा पाट्यावर होते. दहा मिनिटं थांबा, एवढंच म्हणायचं होतं मला. पण त्या 'चालेल तर'ने माझं तोंड बंद केलं. आधीचे सासरे असते तर बटणावरच हात गेला असता त्यांचा, आणि मी भांडले असते. आता कोणाशी भांडणार. मी अर्ध्यातच बंद केलं, पेन ड्राइव्ह काढून ठेवला, आणि सर्व्हर पाटावर मिक्सरशेजारी जाऊन बसला. जुनं पुसलं गेलं होतं, नवं आलं नव्हतं.

दोन वर्षं ही पूजा यजमान करत होते. या वर्षी सासऱ्यांनी विचारलं, मी केली तर चालेल का. सगळे हो म्हणालो. चाचपत चाचपत त्यांनी एकेका हत्याराला गंध लावलं, ओलं कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. पक्कड हातात आली की ओळखून थोडं हसायचे. सर्व्हरपाशी जास्त वेळ थांबले. तो नवा पाहुणा ना. बोटांनी त्याचं तोंड कुठे आहे ते शोधून त्याला कुंकू लावलं, भरघोस लावलं. मला ते बघून बरं वाटलं.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली, मावा जिलबी खाऊन झाली, आणि दुपारी मी पुन्हा बसले. पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं. पडद्यावर आलं की चालू करण्यासारखं काही सापडत नाही. पुन्हा केलं. तेच. मला वाटलं पेन ड्राइव्ह गेला. पडद्याबरोबर आणलेल्या शाळेच्या लॅपटॉपवर दुसरा तयार केला. तेच. अर्ध्यात बंद केल्याने डिस्क बिघडली असावी असं वाटलं, मग यंत्रच मेलं असावं असं वाटलं. चाचांना, खंडेनवमीला आणि स्वतःला मनात यथेच्छ शिव्या घालून झाल्या. सासूबाई दोनदा डोकावून गेल्या. सासरे पलीकडच्या खाटेवर बसून होते, इतके गप्प की मी त्यांना विसरले होते.

चौथ्यांदा पेन ड्राइव्ह खुपसला तेव्हा ते म्हणाले, "बसत नाही आहे ते."

मी म्हटलं, बसलंय, मला दिसतंय की. ते म्हणाले, "दिसत असेल. बसल्याचा आवाज नाही आला."

मी पेन ड्राइव्ह काढून टॉर्च मारला. खाचेत वाळलेलं कुंकू, आणि तळाशी आडवा झालेला तांदळाचा दाणा. अक्षता. त्यांना सापडलेलं तोंड हेच होतं.

काय आहे म्हणून त्यांनी विचारलं. मला खोटं सांगता आलं असतं. पण मी मुळात खोटं बोलण्यात कच्ची आहे, आणि त्यांचे कान अजून शाबूत. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "माझाच हात," ते म्हणाले. "दिसत नाही तर माणसाने करू नये. राहू दे बेटा, माझं काही अडलेलं नाही. लावून देत जा तू, मी बसत जाईन." आणि उठून ओसरीकडे निघाले.

त्यांना धीर द्यायचा, चुका सगळ्यांच्याच होतात म्हणायचं, असं शहाणी सून करते. माझं डोकंच फिरलं. मी मोठ्याने म्हटलं, "तुम्ही घातलंय ना, मग तुम्हीच काढा. मला वेळ नाही." आतल्या खोलीत सासूबाईंच्या हातातलं ताट वाजलं. यजमान जिलबीचा घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघायला लागले. मलाही माझ्या शब्दांची भीती वाटली, पण परत घेतले नाहीत.

सासरे दारातच उभे राहिले. मग वळले. खाली बसले, सर्व्हरचं तोंड आपल्याकडे फिरवलं आणि म्हणाले, "भिंतीतून प्लग काढ. बटन नाही, प्लग."

पुढचा अर्धा तास मी त्यांची हेल्पर होते. स्पिरिट मागितलं, कापूस मागितला, सासूबाईंच्या शिलाईच्या डब्यातली सर्वात बारीक सुई मागितली आणि ती मिळाल्यावर नको म्हणाले, टोक लागून आतली पट्टी खरवडेल. झाडूची काडी आण. ती दातांनी चेचून तिचा कुंचला केला, स्पिरिटमध्ये बुडवला, आणि मान वर करून, छताकडे डोळे लावून, नुसत्या बोटांनी काम सुरू केलं. कुंकू भिजून सुटलं. दाणा बाहेर यायला तयार नव्हता. त्यांनी सर्व्हर तिरका धरायला लावला, तळव्याने एका ठरावीक जागी हलकेच थापटलं, पुन्हा थापटलं, आणि दाणा माझ्या साडीवर पडला. सुकू दे, म्हणाले, घाई नको. मग पेन ड्राइव्ह माझ्याकडून घेऊन स्वतःच बसवला. या वेळी आवाज मलाही आला.

हलकं लिनक्स किती हलकं ते मी त्या दिवशी पाहिलं. मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवत होते. तारीख-वेळ कुठल्या देशाची, पासवर्ड काय, कुठल्या डिस्कवर टाकू. यंत्राचं नाव काय, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांना उत्साह आला. सासूबाईंनी देवाचं सुचवलं, यजमानांनी केळीच्या जातीचं. सासरे म्हणाले की मशीनला नाव नसतं, नंबर असतो. स्कूटर एक, पाण्याची मोटर दोन, हा तीन. तीन नंबर असंच टाकलं. जिलबीची दुसरी फेरी होईपर्यंत सगळं उतरलंसुद्धा. मी पेन ड्राइव्ह काढला, यंत्र पुन्हा चालू केलं, आणि काळ्या पडद्यावर त्याने मला विचारलं की तू कोण. इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. शाळेत पोरांनी टाळ्या वाजवल्या तर मी रागावते.

राहिलेलं काम संध्याकाळपर्यंत चाललं. आवाजाचं, कीपॅडचं, रेकॉर्डिंग ठेवायच्या जागेचं. सगळं जमल्यावर पडद्याची वायर काढली. मोठा कीबोर्ड काढून त्या जागी कीपॅड लावला. सासऱ्यांनी विचारलं की पडदा काढल्यावर याचं कसं व्हायचं. मी म्हटलं, याला काही बघावं लागत नाही बाबा, सांगितलं की करतो. ते म्हणाले, "मग आमच्यातलाच निघाला." आम्ही सगळे हसलो, ते सर्वांत जास्त.

आता, मला वाटलं, आता होईल. त्यांनी बोट फिरवून पाच शोधला, दाबला. नणंदेचा आवाज आला, पाठोपाठ म्हैस. सगळ्यांचे चेहरे खुलले. सासऱ्यांनी मिनिटभर ऐकलं, बंद केलं, आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "छान झालं. चालेल."

त्या 'चालेल'ने माझ्या आनंदावर पाणी पडलं. पाहुणे आपट्याची पानं घेऊन यायला लागले होते, मी हसून सोनं दिलं, सोनं घेतलं, पण मनातून खट्टू झाले होते. यंत्र दुरुस्त झालं होतं. माणूस होता तिथेच होता. माझ्यासाठी म्हणून बिचारे कीपॅड दाबतील आणि मी गेले की हात मांडीवर ठेवून बसतील, असं मला वाटत राहिलं.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी निघताना मी मुद्दाम काही लावून दिलं नाही. दिवसभर वर्गात माझं लक्ष नव्हतं. साडेतीनला स्कूटर लावली, दारात आले. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. आतून माझाच आवाज येत होता, जहाजावर इंजिनमध्ये काम करणाऱ्या कुणा माणसाच्या आठवणींचं ते पुस्तक मी गेल्या साली वाचलं होतं. सासरे तीन नंबरला खेटून बसले होते. माझी चाहूल लागली तसा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. वाक्य पुरं होऊ दिलं. मग पाच दाबला.

"इथे बॉयलर फुटायला आला आहे," ते म्हणाले, "आणि पुढच्या वाक्यात कप्तान जेवायला बसून राहिला. मधे बॉयलर कोणी दुरुस्त केला?"

मी म्हटलं पुस्तकातच तसं असेल. त्यांनी चार दाबला, प्रकरण पहिल्यापासून लावलं, आणि मला उभं ठेवून पुन्हा ऐकवलं. बॉयलर. कप्तान. जेवण. मधली तीन पानं मी गाळली होती. पाइप, प्रेशर, नट-बोल्ट असलं सगळं होतं, मला कंटाळा आला होता आणि रात्रीची भाजी चिरायची होती.

"लिहिणाऱ्याने पुस्तक लिहिलं ते त्या तीन पानांसाठी," ते म्हणाले, आणि आवाज चढला. "जेवण काय, कोणी पण लिहील. आळशीपणाची हद्द आहे. शाळेत पण असंच शिकवत असशील."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, आणि त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. माझे स्वतःचे डोळे भरून आले होते, आणि संतापही आला होता, कारण शाळेवर कोणी काही बोललेलं मला खपत नाही. मी म्हटलं, गेल्या साली ऐकलं तेव्हाच कळलं असेल ना तुम्हाला? मग तेव्हा का नाही बोललात?

"तेव्हा पुढचं प्रकरण तुझ्या हातात होतं," सासरे म्हणाले.

पर्स खांद्यालाच होती. मी कपाटातून पुस्तक काढलं, त्यांच्यासमोर बसले आणि ती तीन पानं वाचायला लागले. पहिल्याच ओळीला त्यांनी मला थांबवलं, म्हणाले, सावकाश वाच, आणि प्रेशरचा आकडा पुन्हा सांग.